वाचकांचे प्रश्न : थ्री नॉट थ्री स्वस्तात मिळंल काय?

मागच्या अंकात जुन्या फौजी वस्तू कशा जपायच्या यावर थोडं लिहिलं होतं, पितळी बकल, टोपीचा बिल्ला, काळी ट्रंक वगैरे. त्यावर जी पत्रं आली ती बहुतेक सगळी एकाच गोष्टीवर, रायफल, त्यातही थ्री नॉट थ्री, म्हणजे फौजेतली जुनी .३०३ ली एनफिल्ड. त्यात नवल नाही, आपल्या भागात कुठल्याही गल्लीत एकतरी रिटायर्ड सुभेदार असतोच आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावातच आहे. मी आर्मरर म्हणून नोकरी केली, म्हणजे बिघडलेल्या रायफली दुरुस्त करणं हेच काम, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडं धाडली. जमतील तेवढी उत्तरं देतो.

प्रश्न : मी हिंडलग्याला राहतो, वय ३१, कॉम्प्युटरवर काम आहे. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याच्या मित्रानं रशियन मोसिन नागांत रायफल घेतलीय, तिकडं म्हणे पूर्वी जुन्या बाजारात कपाट घ्यावं तशी स्वस्तात मिळायची. मला पण कलेक्शन सुरू करायचंय, चालवायची नाही, फक्त भिंतीवर. एकजण म्हणतोय बॉर्डरच्या एका गावात मिल्ट्रीची कंडम थ्री नॉट थ्री कागदासकट मिळते, पंचवीस हजार ॲडव्हान्स द्यायचा. देऊ काय?

देऊ नका. आधी हे डोक्यात घ्या, बाकीचं नंतर वाचा.

रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी एक ओळखीचा माणूस अशीच एक रायफल पोत्यात गुंडाळून माझ्याकडं घेऊन आला होता, खरी आहे का बघा म्हणून. सोबत गोल शिक्क्याचा कागद, त्यावर ‘कंडम’ लिहिलेलं. मी लाकडाकडं बघितलंच नाही, बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) मागं जिथं मूठ बसते तिथली पट्टी अंगठ्यानं पुसली. इशापूर (बंगालमधला सरकारी रायफल कारखाना), जी.आर.आय. (ब्रिटिश राजाची अक्षरं), १९४३ असं होतं, पण प्रत्येक अक्षर वेगळ्या खोलीचं, एक जास्त ठोकलेलं, एक तिरकं, म्हणजे कुणीतरी घरी बसून एकेक पंच हातोडीनं मारलेला. कारखान्यातला ठसा असा नसतो, अक्षरं एका ओळीत आणि एका दाबानं बसतात. मग नळीत बघितलं तर आत आटेच (गोळीला फिरवणारे पिळाचे चर) नाहीत, गुळगुळीत पाइप. असली नळी फुटली की पहिलं तोंड जातं ते चालवणाऱ्याचं. त्याचे पैसे गेले ते गेलेच, आणि तक्रार करायला जावं तर पहिला प्रश्न हाच की तुम्ही हे घ्यायला गेलातच कशाला. त्या रात्री तो माझ्याच ओसरीवर बसून होता, घरी बायकोला काय सांगू म्हणत. म्हणून तुमचं पत्र वाचल्या वाचल्या उत्तर लिहायला घेतलं.

आता कायदा. आपल्याकडं १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, लायसनशिवाय कुठलंच चालू बंदूक-हत्यार ठेवता येत नाही, भिंतीवर लावा नाहीतर पेटीत ठेवा. त्यात .३०३ ही प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), म्हणजे साध्या लायसनवर ती येतच नाही, तिचा अधिकार दिल्लीत केंद्रीय गृहखात्याकडं. २०१९ ला कायदा अजून कडक झाला, पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची ती आता दोन, आणि प्रोहिबिटेड हत्यार बेकायदा ठेवलं तर शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त चौदा. आणि लष्कराचं कंडम हत्यार दुकानात विकायला येत नाही हो, ते मोजून, नोंद करून तोडलं जातं. ‘मिल्ट्रीचा कंडम माल कागदासकट’ असं जो म्हणतो त्याच्याकडं एकतर नकली माल असतो नाहीतर चोरीचा, आणि दोन्हीत अडकणार तुम्ही.

मग अमेरिकेत एवढी स्वस्त कशी, हा तुमच्या मनातला प्रश्न असणार. मोसिन नागांत हे १८९१ चं मॉडेल, रशियानं आणि नंतर सोव्हिएतनं मिळून ती कोट्यांनी बनवली, इझेव्स्क आणि तुला हे दोन मोठे कारखाने. दुसरं महायुद्ध संपल्यावर दुरुस्त करून, जाड तपकिरी ग्रीस फासून, लाकडी पेट्यात भरून गोदामात ठेवून दिल्या. सोव्हिएत युनियन मोडलं, ती गोदामं उघडली आणि माल घाऊक भावात बाहेर पडला, म्हणून एक काळ असा होता की अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत ती मिळायची. आता तो साठा आटला आणि २०२१ पासून अमेरिकेनं रशियन बंदुकांची आयातच अडवली, त्यामुळं तो जुना भाव तिकडं पण राहिलेला नाही. आपल्याकडं असा खुला बाजार कधी नव्हताच, त्यामुळं तिकडचा भाव डोक्यात धरून इकडं शोधत फिरलात तर फक्त फसवणारेच भेटतील.

प्रश्न : आमचा मुलगा ओहायोला नोकरीला आहे. त्याच्या पणज्यानं मराठा पलटणीत नोकरी केली होती, इटलीत लढले होते, म्हणून त्याला इशापूरची ली एनफिल्ड घ्यायची फार इच्छा आहे. तिकडं रीतसर मिळते म्हणतो. घेताना काय बघायचं? आणि इकडं आणता येईल काय? — एक वडील, निपाणी

साहेब, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. इटलीत मराठ्यांनी काय केलं ते नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोन व्हिक्टोरिया क्रॉसवरनं कळतं, एक जुलै १९४४ चा, दुसरा एप्रिल १९४५ चा. पणज्याची आठवण म्हणून पोरगं रायफल शोधतंय यापेक्षा चांगलं कारण नाही.

पण आधी त्याला एक विचारा, व्हिसा कुठला आहे? एच-वन-बी वर असेल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं त्याला बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, शिकारीचं लायसन वगैरे थोडे अपवाद सोडून. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. आपली बरीच पोरं हे न विचारता मित्राबरोबर दुकानात जातात आणि मग व्हिसाच धोक्यात येतो. ग्रीन कार्ड असेल तर तिकडं जुन्या वस्तूंच्या कलेक्टरसाठी वेगळं फेडरल लायसन असतं, तीन वर्षांचं, फी ३० डॉलर, त्यावर ५० वर्षांच्या वरच्या, मूळ रूपातल्या बंदुका थेट घरी मागवता येतात. राज्याराज्याचे नियम वेगळे, ते त्यानं तिथंच विचारावेत.

आता बघायचं काय. पहिलं, मघाशी सांगितलेली ती पट्टी. १९४७ च्या आधीची असेल तर मुकुट, जी.आर.आय., इशापूर, साल आणि मार्क थ्री असं दिसतं, नंतरच्यावर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह येतात आणि इशापूरच्या जागी आर.एफ.आय. पणज्याच्या काळातली हवी असेल तर सिंहवाली घेऊ नका, ती कितीही स्वस्त मिळू दे.

दुसरं, नंबर. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग), बोल्टची दांडी, नळी आणि पुढचं नोजकॅप (नळीच्या टोकाचं लोखंडी टोपण), या सगळ्यांवरचा नंबर एकच आहे का. बोल्टचा नंबर वेगळा असला तर तो बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, आणि तसं असेल तर हेडस्पेस म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा गनस्मिथकडनं गेज लावून मोजल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. नंबर जुळत नाहीत म्हणून रायफल टाकाऊ होत नाही, पण भाव खाली यायला पाहिजे, विकणारा ते आपणहून सांगत नाही.

तिसरं म्हणजे नळीचं तोंड. हे मी जरा सावकाश सांगतो, कारण फोटो बघून घेणारे इथंच चुकतात. रायफल साफ करायला पुलथ्रू असतो, दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्याला फोर बाय टू ची (चार बाय दोन इंची) चिंदी. वजन मागनं सोडायचं आणि दोरी पुढनं ओढायची. रिक्रूट घाईत असतो, दोरी सरळ न ओढता खाली नाहीतर बाजूला ओढतो, आणि अशी वीस-तीस वर्षं रोज शेकडो हातांनी ओढली की दोरी तोंडाच्या एका बाजूला चर पाडते, बारीक, नखानं लागेल एवढा. मग गोळी बाहेर पडताना एका बाजूनं गॅस आधी सुटतो आणि निशाणा जातो. आमच्याकडं रायफल आली की मी पहिल्यांदा नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरनं करंगळीचं नख फिरवायचो, चर लागला की कुठल्या प्लाटूनची म्हणून विचारायचो आणि त्या उस्तादाला बोलवून सांगायचो की पोरांना दोरी सरळ ओढायला शिकवा. पोराला सांगा, तोंडाचा फोटो सरळ समोरनं, उजेड मागनं टाकून मागवून घे. इशापूरच्या नळीत बहुतेक पाच आटे डावीकडं वळत जातात, ते शेवटपर्यंत कडक दिसले पाहिजेत.

आतला गंज पण बघायचा. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात असं मीठ असायचं की झाडून झाल्यावर ते नळीत राहून पाणी ओढून घेतं आणि खड्डे पडतात. नुसतं तेल लावून ते जात नाही, मीठ पाण्यातच विरघळतं, म्हणून फौजेत उकळतं पाणी ओतायचे, मग सुकवून तेल. पोरगं जुना दारूगोळा वापरणार असेल तर त्यानं हे पाठ करावं. (काडतुसाच्या बुडावर के आणि एफ अशी अक्षरं दिसली तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं.)

लाकडावर, मॅगझिनच्या पुढं एक आडवा स्क्रू दिसेल, तिकडचे कलेक्टर त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात, लाकूड फाटू नये म्हणून आपल्याकडं घालायचे. तो दिसला म्हणून भाव पाडून मागू नका, ती दुरुस्ती नाही, ती तिची ओळख आहे. तसंच पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती ग्रेनेड फेकायला दिलेली रायफल. ती गोळीसाठी वापरायची नाही, नुसती ठेवायची, आणि ती तार कुणी हौसेनं सोडवून पॉलिश मारायला गेला तर त्याला अडवा.

आणि एक गोंधळ होतो. १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर इशापूरनं तीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी चांगल्या स्टीलमध्ये नव्यानं बनवली, मॉडेलची नावं टू-ए आणि मग टू-ए-वन. मॅगझिन चौकोनी दिसतं. टू-ए-वनच्या मागच्या साइटवर अंतराचे आकडे ८०० पर्यंतच असतात, टू-ए वर २००० पर्यंत. विकणारे कधी कधी ह्याला ‘बदललेली थ्री नॉट थ्री’ म्हणतात, ते चूक आहे. रायफल चांगली आहे, स्वस्त पण पडते, पण पणजोबांनी ती हातात धरलेली नव्हती.

इकडं आणायचं मनातनं काढून टाका. .३०३ आणि ७.६२ दोन्ही इथं प्रोहिबिटेड. पोरगं परत आलं की ती तिकडंच रीतसर विकायची नाहीतर तिकडच्या म्युझियमला द्यायची, आणि घेतानाच हे धरून चालायचं म्हणजे नंतर जीव अडकत नाही. फोटो, नंबर, पावती मात्र जपून आणा, पणजोबांच्या डिस्चार्ज बुकाशेजारी लावायला.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आज्जाची ठासणीची बंदूक मिळाली. आज्जा जाऊन २२ वर्षं झाली. घोडा हलतोय, नळीत कोळ्याचं जाळं आहे. शंभर वर्षांची तरी असेल. अँटिक म्हणून ठेवून घेऊ काय? भाऊ म्हणतोय गपचूप ठेव, कुणाला कळतंय. — खानापूर तालुका

वहिनी, भावाचं ऐकू नका. अँटिक म्हणजे लायसन नको असा मोठा गैरसमज आहे आपल्याकडं. कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण कशाला? जुन्या बनावटीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्त करून सुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला. ‘दुरुस्त करून सुद्धा’ हे शब्द महत्त्वाचे. घोडा हलतोय म्हणता, मग नळी साफ केली आणि निप्पल (ठिणगीची टोपी बसते तो तुकडा) बसवला की ती उडणार, म्हणजे सूट नाही. आणि ती चालते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नसतं.

आज्जाचं लायसन होतं का ते आधी घरात शोधा, जुनी पाकिटं, जमिनीचे उतारे ठेवायची पेटी, देव्हाऱ्याखालचा कप्पा. तुमच्याकडं डुक्कर आणि गव्याच्या त्रासानं पीक राखायला अशी लायसनं पूर्वी बऱ्याच जणांकडं होती. सापडलं किंवा नाही सापडलं तरी पुढचं तेच, वकिलाला धरून लेखी अर्ज करा की वारसाहक्कानं आमच्या घरात ही मिळाली, आणि बंदूक स्टेशनात जमा करा. आधी अर्ज, पोच घ्या, मग बंदूक, आणि तीही स्वतः पोत्यात घालून बसमधनं नेऊ नका, स्टेशनात कळवून नेमकं कसं आणायचं ते विचारून घ्या. मग वारस म्हणून लायसनला अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमात तशी सोय आहे, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. ग्रामीण भागाला डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिस, बेळगाव शहरात पोलिस कमिशनर. उशीर बराच झालाय, पण आपणहून गेलेल्या माणसाकडं बघायची नजर वेगळी असते.

लायसन मिळालं तर नळीला लगेच पॉलिश पेपर मारू नका, तो काळपट थर राहू दे, वरची धूळ सुती कापडानं आणि थोड्या तेलानं काढा, बास. आणि आधी नळी रिकामी आहे का हे जाणकाराकडनं बघून घ्या, ठासलेली दारू कित्येक वर्षांनी पण पेटू शकते. कोळ्याचं जाळं दिसतंय म्हणजे रिकामी असं होत नाही, जाळं तोंडाशी असतं, दारू बुडाशी.

(कोडगूवाल्यांना लायसन लागत नाही मग आम्हाला का, असं अजून एकानं विचारलंय. कोडवांना आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेनं चालत आलेल्या) जमिनीवाल्यांना जुनी सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढवलीय. ती त्यांनाच आहे, कर्नाटकातल्या सगळ्यांना नाही.)

प्रश्न : कायद्यात राहून, लायसन काढून, थ्री नॉट थ्रीच्या जवळचं असं काय घेता येईल? बजेट कमी आहे. — चंदगड

पॉइंट ३१५. ती पण इशापूरचीच, ली एनफिल्डच्याच घराण्यातली बोल्ट रायफल, मॅगझिन पाच गोळ्यांचं. सरकारी काडतूस खाजगी हत्यारात चालू नये म्हणून हा बोअर वेगळा ठेवला, त्यामुळं ती साध्या लायसनवर येते. जुनी, दुसऱ्याच्या लायसनवरची घेतली तर नवीपेक्षा बरीच कमी पडते, पण विकणाऱ्यानं आधी ऑफिसला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, ते टाळून ‘आज पैसे, उद्या रायफल’ म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. नळी बघायची पद्धत वर सांगितली तीच. एक मात्र स्पष्ट सांगतो, ‘कलेक्शनसाठी’ एवढंच कारण लिहिलेला अर्ज पुढं सरकत नाही असाच माझ्या ओळखीतल्यांचा अनुभव आहे, आणि खोटं कारण लिहू नका. शूटिंगची खरी आवड असेल तर आधी रायफल क्लबात जा, वर्षभर नेमबाजी करा, मग अर्ज. तुमचा अर्ज महाराष्ट्रात, कोल्हापूरला जाणार, बेळगावच्या एजंटला पैसे देऊन उपयोग नाही.

प्रश्न : कॉलेजच्या एनसीसीत ड्रिलला वापरतात ती नळीला भोक पाडलेली रायफल विकत मिळते काय? — चिकोडी

नाही. ती डीपी, ड्रिल पर्पज, सरकारची मालमत्ता, तिचा नंबर रजिस्टरवर असतो. कुणी विकतोय म्हणाला तर ती कोतमधनं (हत्यारं ठेवायच्या खोलीतनं) गेलेली, म्हणजे चोरीची.

प्रश्न : मग आमच्यासारख्यानं जमवायचं तरी काय? पगार बेताचा, लायसन नको, पण जीव त्याच्यातच आहे. — वडगाव, बेळगाव

दादा, तुमच्यासाठी मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतंय. रायफल नको, तिच्याबरोबरचं सामान जमवा. पितळी तेलाची बाटली, बोटाएवढी, रायफलीच्या दस्त्यात मागच्या पितळी पट्टीच्या झाकणाखाली बसायची, आत झाकणालाच लावलेला छोटा चमचा. पुलथ्रू. खाकी कापडी स्लिंग. जुनं कापडी पट्ट्यांचं पाउच, पाण्याची बाटली. ट्रेनिंगची छोटी पुस्तकं. शनिवारी भंगारवाल्याकडं जाऊन बसलात तर यातलं काही ना काही कधीतरी हाताला लागतंच, त्याला ते पितळ म्हणून किलोवर द्यायचं असतं. संगीन मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, लांब पात्याला पण नियम आहेत, आणि जिवंत काडतूस एक जरी सापडलं तरी घरात ठेवायचं नाही, स्टेशनात कळवायचं. रिकामं सुद्धा बॅगेत राहिलं तर सांबऱ्याच्या विमानतळावर अडकून बसाल.

खरी रायफल जवळनं बघायची असेल तर कोल्हापूरचा न्यू पॅलेस आहे, शस्त्रांचा विभाग चांगला आहे. आपल्या मराठा सेंटरमध्ये पण म्युझियम आहे, गेटवर ओळखपत्र दाखवून परवानगी विचारायची.

माझ्याकडं एक तेलाची बाटली आहे, शहापुरातल्या भंगारवाल्याकडनं शंभर रुपयाला घेतलेली. झाकण अडकलं होतं, जोर न लावता दोन दिवस रॉकेलात ठेवलं, तिसऱ्या दिवशी हातानं फिरलं. चमच्याला अजून पिवळं तेल चिकटलेलं होतं, ते मी पुसलेलं नाही. कधी वडगावातनं इकडं आलात तर दाखवतो, पत्ता संपादकांकडं आहे.